तिसऱ्या (खाण्याचे शिंपले) रात्रभर पाण्यात ठेवूनही वाळू का सुटत नाही?

मांडवीकाठ: पणजी बाजारातल्या तिसऱ्या नळाच्या पाण्यात रात्रभर ठेवल्या. सकाळी निम्म्या मेलेल्या, उरलेल्यांत कचकच तशीच. चुकतंय कुठे?

खारफुटी: गोड्या पाण्यात तिसरी शिंपला घट्ट मिटून बसते. नळ्या बाहेर काढल्याशिवाय वाळू कशी टाकणार? लिटरला 25 ते 30 ग्रॅम जाडं मीठ घाला. पसरट परातीत चाळणी ठेवून तिसऱ्या एकाच थरात मांडा, पाणी जेमतेम बुडण्याइतकंच. चाळणी हवीच, नाहीतर खाली पडलेली वाळू त्याच परत ओढतात. अंधारात 3-4 तास पुरे. थोड्या वेळाने दोन नळ्या दिसतील: एक पाणी आत घेते, दुसरी बाहेर फेकते. दिसल्याच नाहीत तर मीठ तपासा.

शेवटीखाडी: खोल बादलीत त्या प्राणवायूअभावी मरतात, पाणी शिळं झालं की बदला. शिंपला उघडा ठेवतो तो बिजागरीचा ताण, मिटवतात ते स्नायू. म्हणून मेली की आपोआप उघडते. टिचकी मारून मिटली नाही तर फेका.

मांडवीकाठ: म्हणजे रोगजंतूही निघतात?

खारफुटी: छे! फक्त वाळू. नीट शिजवाच.