मदत हवी आहे: गुडघेदुखी असलेल्या वडिलांना मुंबईतल्या कोणत्या बागांत न्यावं?

नमस्कार मंडळी,

माझे बाबा पावसाळा संपल्यावर सावंतवाडीहून कायमचे आमच्याकडे भांडुपला राहायला आले. वय 74. सगळी नोकरी सरकारी रोपवाटिकेत झाली, त्यामुळे झाडं म्हणजे जीव की प्राण. इथे सोसायटीत मात्र नुसते पाम आणि लॉन. गेटाबाहेर एक बदाम आहे, संध्याकाळी त्याच्याखाली उभे असतात. गळलेलं पान चुरगाळून वास घेतात, फळ उचलून खिशात टाकतात. ते हल्ली फारसं बोलत नाहीत, पण झाडांचा विषय निघाला की तासभर बोलतात. म्हणून त्यांना अधूनमधून एकेका बागेत न्यायचं मनात आहे.

अडचणी अशा: गुडघे दुखतात, त्यामुळे चढ आणि पायऱ्या नकोत. अर्धा तास चालले की सावलीत बाक हवा. स्वच्छतागृह जवळ आणि उघडं हवं, हे फार महत्त्वाचं. आणि माझी साप्ताहिक सुटी बुधवारी असते.

मलबार हिलच्या हँगिंग गार्डनला जाऊन आलो. जनावरांच्या आकारात कापलेली झुडपं बघून बाबा म्हणाले, "खाली पाण्याचा तलाव बांधलाय, वर माती ती केवढी! इथे वड कुठून वाढायचा?" बाग 1881 सालची आहे, हवाही छान, पण त्यांना हवी आहेत मोठी, जुनी झाडं. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान शंभर चौरस किलोमीटरच्या वर पसरलेलं. त्यात सपाट, सावलीची वाट नेमकी कुठे? तिथल्या कान्हेरी लेण्यांच्या पायऱ्या झेपणार नाहीत.

लहान मुलांच्या खेळण्यांच्या बागा कृपया सुचवू नका.

प्रतिसाद 1
ताई, पहिली राणीची बाग. लोक पेंग्विन बघायला जातात, पण ती मुळात वनस्पती उद्यान म्हणून 1862 मध्ये सुरू झाली, प्राणी नंतर आले. तीन हजारांवर झाडं आहेत. गोरखचिंच आहे, कैलासपती आहे (फुलं थेट खोडावर येतात, बाबा तिथून हलणार नाहीत), आणि मूळची ब्रह्मदेशची उर्वशी आहे. हिवाळा सरताना ती फुलली असेल तर लाल-पिवळे घोस झुंबरासारखे लोंबत असतात. 2007 च्या सुमारास बागेचा कायापालट करायची योजना आली तेव्हा काही बायकांनी एकेक झाड मोजून, ओळखून या बागेसाठी लढा दिला. त्यांचे उपकार मानावे तितके थोडे.

पण बाग बुधवारी बंद असते! अर्धी रजा टाका आणि मंगळवारी किंवा गुरुवारी सकाळी जा. रविवार टाळाच, गर्दीत बाबांना झाडापाशी उभंही राहता येणार नाही. भायखळा पूर्वेला उतरलात की जवळच. रस्ते बहुतेक सपाट आहेत.

प्रतिसाद 2
राणीच्या बागेला अनुमोदन. बुधवारसाठी माटुंग्याचे फाइव्ह गार्डन्स बघा. दादर पारशी कॉलनीतल्या पाच छोट्या बागा, मध्ये रुंद, शांत रस्ते. तिकीट नाही, चढ नाही, आणि खरी मजा बागांपेक्षा भोवतालच्या रस्त्यांवरच्या जुन्या झाडांत आहे. बाबा दमले की थांबायचं. स्वच्छतागृहासाठी मात्र जवळचं एखादं उपाहारगृह आधी हेरून ठेवा.

दुसरं, माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान. धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी. तिथे पूर्वी शहराचा कचरा टाकत. त्यावर माती घालून रोपं लावली आणि 1994 मध्ये उद्यान खुलं झालं. आज आत शिरलं की रस्त्याचा आवाज कमी होतो आणि फुलपाखरं दिसतात. रोपवाटिकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला हे बघून काय वाटेल, ते आम्हाला नक्की कळवा. वेळा फोन करून विचारून घ्या.

प्रतिसाद 3
राष्ट्रीय उद्यानाचं: ते सोमवारी बंद असतं, बुधवारी चालेल. मुख्य फाटकातून आत गेल्यावर थोड्या अंतरापर्यंतचा डांबरी रस्ता साधा आहे, तेवढाच चाला आणि परत फिरा. संपूर्ण बघायचा हट्ट धरू नका. माकडांमुळे हातात खाण्याची पिशवी ठेवू नका.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. पुढच्या मंगळवारी अर्धी रजा टाकली आहे, राणीची बाग ठरली. या बुधवारी फाइव्ह गार्डन्स करून येतो.

बाबांना उर्वशीचं सांगितलं तर लगेच उठून बसले. म्हणाले, तिला शेंग धरणं फार अवघड, रोप करायचं तर गुटी बांधावी लागते (म्हणजे झाडावरच्या फांदीलाच मुळं फुटू द्यायची आणि मग ती कापून लावायची). त्यांचा प्रश्न तसाच विचारते: राणीच्या बागेतल्या उर्वशीला शेंग धरलेली कुणी पाहिली आहे का? आणि ते झाड कोणत्या फाटकाकडून जवळ पडेल?