हमीभावाआधी निर्यातीचं विचारा

निवडणुकीतल्या उमेदवारांकडे पहिली मागणी कांद्याच्या हमीभावाची हवी, असं एक मत आहे. माझ्या मते आधी निर्यातधोरण. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क लागलं, डिसेंबरात थेट बंदी आली. मे २०२४ मध्ये बंदी उठली तरी शुल्क राहिलंच; ते पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. लासलगाव, पिंपळगावच्या कांदा बाजारात भाव पाडायला एवढं पुरतं. आणि डिसेंबरचा लाल कांदा साठवून ठेवता येत नाही, मिळेल त्या भावात द्यावा लागतो. उन्हाळ कांदा टिकतो, पण चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये, थर पाच फुटांवर गेला किंवा खालून हवा खेळली नाही की सड लागते. म्हणून चाळीचं अनुदान काढणीआधी हातात पडणार का, हेही मत मागायला येणाऱ्याला विचाराच.