गाडीचा उशीर आणि प्रवाशाचा उशीर

कोकण रेल्वेचा मार्ग विस्कळीत झाल्यावर लांब पल्ल्याच्या गाड्या आधी काढाव्यात, म्हणजे एकूण विलंब कमी होतो, असे काहीजण सुचवतात. हा हिशेब गाड्यांचा आहे, प्रवाशांचा नव्हे. जुलै २०२४ मध्ये खेडजवळ दिवाणखवटीच्या बोगद्यापाशी दरड कोसळली, तेव्हा काही गाड्या पुणे, मिरज, लोंढामार्गे मडगावकडे वळवण्यात आल्या. अशी वळवलेली गाडी मडगावला पोहोचते खरी, पण चिपळूण, रत्नागिरी, कणकवलीच्या प्रवाशाच्या दृष्टीने ती रद्दच झालेली असते.

रोहा-वीर टप्पा सोडला तर बहुतांश मार्ग एकेरी, म्हणजे दोन्ही दिशांच्या गाड्यांना एकच रूळमार्ग असल्याने क्रॉसिंगसाठी (समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी) कोणत्या तरी गाडीला थांबवावेच लागते, आणि ती पाळी बहुधा सावंतवाडी पॅसेंजरवर येते. अलीकडच्या विलवडे स्थानकात तासभर रखडलेली पॅसेंजर राजापूर रोडला रात्री पोहोचली, तर तिथून शहर बरेच दूर आणि शेवटची एसटी निघून गेलेली (रिक्षावाल्याचा भाव तेव्हा विचारू नये). म्हणून विस्कळीत गाड्यांची फेरआखणी करताना कोणत्या स्थानकावर किती जण उतरणार आणि त्यांना पुढचे वाहन मिळणार का, हे आधी पाहावे. गाडी मध्येच संपवायची असेल तर ती आडस्थानकाऐवजी एसटी आगार असलेल्या चिपळूण किंवा रत्नागिरीला संपवावी.