एका पुस्तकाच्या पावणेसहा हजार फाइली: कोणती ठेवू, कोणती काढू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

दृष्टिहीन श्रोत्यांसाठी एक मोठी कादंबरी ध्वनिमुद्रित करतोय. ६२ प्रकरणं, वाचणाऱ्या दोघीजणी, मुद्रण आणि संपादन माझ्याकडे. रीपर हा ध्वनिसंपादनाचा प्रोग्राम वापरतो. मुद्रण संपलं, ४० प्रकरणांचं संपादनही हातावेगळं झालं. आता अडकलोय तो फाइलींच्या पसाऱ्यात.

प्रत्येक प्रकरणाचा प्रोजेक्ट वेगळा आहे, पण सगळे प्रोजेक्ट एकाच फोल्डरमध्ये सेव्ह केलेत आणि ऑडिओही तिथंच पडतो. आज मोजलं तर ५,७१६ फाइली, २१४ जीबी. डिस्कवर जेमतेम ९ जीबी उरलेत. 'प्र३१ नवीन', 'प्र३१ फायनल', 'प्र३१ फायनल दुरुस्त' अशी नावं आहेत आणि यातलं खरं कोणतं ते ऐकल्याशिवाय मलाही सांगता येत नाही.

गेल्या आठवड्यात आवराआवर करायची म्हणून विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्येच सुमारे २०० फाइलींची नावं बदलली. दुसऱ्या दिवशी प्रकरण ३१ ते ३४ उघडली तर फाइल सापडत नसल्याचा संदेश आला आणि टाइमलाइनवर रिकामे तुकडे. जुनी नावं कुठं लिहून ठेवलेली नाहीत. भरीत भर म्हणजे काही दुरुस्त्या हातातल्या रेकॉर्डरवर घेतल्या होत्या. कार्ड फॉरमॅट केलं की त्याचे क्रमांक पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, म्हणून वेगवेगळ्या दिवसांच्या फाइलींना तेच नाव आहे.

खरी काळजी वेगळी आहे. दोघींपैकी एका ताईंच्या घशाची नंतर शस्त्रक्रिया झाली आणि त्यांचा आवाज बदलला. त्यांची १९ प्रकरणं पुन्हा वाचून घेता येणार नाहीत. त्यामुळे डिलीटच्या बटणाकडे हात जात नाही. जाणकारांनी कृपया सांगावं, सुरुवात कुठून करू?

खर्जातला:
आधी हात थांबवा. अख्खा फोल्डर जसा आहे तसा दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, विस्कटलेल्या नावांसकट. ते होईपर्यंत एकही प्रोजेक्ट सेव्ह करू नका.

आता धीराची गोष्ट. तुमचा आवाज कुठेही गेलेला नाही. रीपरच्या प्रोजेक्टमध्ये ऑडिओ नसतो, फक्त पत्ते असतात: अमुक फाइल, इतक्या सेकंदापासून इतक्या सेकंदापर्यंत. तुम्ही घरावरची पाटी बदललीत, पण पत्त्यांच्या वहीत जुनंच नाव आहे. आणि ती वही वाचता येते, कारण डॉट आरपीपी, म्हणजे रीपरची प्रोजेक्ट फाइल, ही साधी मजकुराची फाइल आहे. तिची प्रत काढा, नोटपॅडमध्ये उघडा, 'फाइल' हा शब्द इंग्रजीत शोधा. प्रत्येक तुकड्याखाली जुनं नाव अवतरणचिन्हात मिळेल.

धागाकर्ता:
उघडली! सगळी जुनी नावं आहेत. पण '०१-२५०२१४_१७४२' या नावाची फाइल आता 'प्र३१ नवीन' झाली की 'प्र३१ ताई २', ते कसं ओळखायचं?

खर्जातला:
त्या नावातच उत्तर आहे. ट्रॅक क्रमांक १, तारीख १४ फेब्रुवारी २०२५, मुद्रण सुरू झालं १७:४२ ला. नाव बदललं तरी विंडोजमध्ये फाइलची 'बदल केल्याची वेळ' बदलत नाही, आणि ती असते मुद्रण थांबवल्याची. म्हणजे १४ फेब्रुवारीला १८:०५ ची नोंद असलेली, २३ मिनिटांची फाइल शोधा. तीच ती. सुरुवातीची वेळ अधिक लांबी म्हणजे शेवटची वेळ, हे गणित एकेका फाइलीला लावत जा.

मग फाइलींना त्यांची जुनी नावं परत द्या. प्रोजेक्टमधले पत्ते बदलत बसण्यापेक्षा पाटी पूर्ववत करणं सोपं आणि सुरक्षित. यापुढे नाव बदलायचंच असेल तर रीपरच्या आतून बदला. रीपरला जोडता येणाऱ्या एसडब्ल्यूएस एक्स्टेंशनमध्ये टेकच्या (एका वेळच्या मुद्रणाच्या) मूळ फाइलचं नाव बदलायची सोय आहे, त्यात फाइल आणि पत्ता दोन्ही एकदम बदलतात.

मधुवंती:
रेकॉर्डरच्या फाइलींबद्दल. असे बरेच रेकॉर्डर ब्रॉडकास्ट वेव्ह प्रकारची फाइल लिहितात. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियननं १९९७ मध्ये ठरवलेलं हे स्वरूप, त्यात मुद्रणाची तारीख आणि वेळ फाइलीच्या पोटातच असते. मीडियाइन्फो नावाच्या मोफत प्रोग्राममध्ये फाइल टाकून बघा. रेकॉर्डरचं घड्याळ बरोबर लावलेलं असेल तर एकाच नावाच्या दोन फाइली लगेच वेगळ्या कळतील.

आणि ५,७१६ हा आकडा मला खटकतोय. त्यात रीपीक्स किती आहेत? रीपर प्रत्येक ऑडिओ फाइलीमागे तरंगांचं चित्र साठवणारी एक छोटी रीपीक्स फाइल करतं. ती उडवली तरी पुन्हा तयार होते. रीपरच्या पसंतीमध्ये (प्रेफरन्सेस) या फाइलींना वेगळा उपफोल्डरही देता येतो.

धागाकर्ता:
२,८३१ रीपीक्स! म्हणजे निम्मी भीती तिथंच गेली. जागा मात्र फारशी सुटली नाही.

कानसेन:
ऑडॅसिटी या दुसऱ्या ध्वनिसंपादन प्रोग्रामकडे वळा की. मार्च २०२१ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून सगळा प्रोजेक्ट एकाच फाइलीत असतो. आधी शेकडो छोटे तुकडे असलेला डेटा फोल्डर असायचा, ती कटकट गेली.

मधुवंती:
कानसेन, नव्या कामाला ठीक आहे, पण ४० प्रकरणं झालेली असताना प्रोग्राम बदलू नये असं माझं स्पष्ट मत. शिवाय यांना एकेका टेकपर्यंत पोचायचंय, तिथं सुट्या वेव्ह फाइलीच बऱ्या.

धागाकर्ते, कच्चं मुद्रण एकूण किती तासांचं आहे? आणि नमुनादर, म्हणजे सेकंदाला घेतलेले ध्वनीचे नमुने, ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, मोनोच ना?

धागाकर्ता:
हो, तेच. साधारण १३० तास.

मधुवंती:
मग हिशेब करा. ४८,००० नमुने गुणिले प्रत्येकी ३ बाइट (२४ बिट), म्हणजे सेकंदाला १,४४,००० बाइट, तासाला सुमारे ५१८ एमबी. १३० तासांचे ६७ जीबी. उरलेले दीडशेच्या आसपास जीबी म्हणजे तुम्ही नंतर तयार केलेल्या फाइली आहेत: ग्लू केलेल्या (तुकडे जोडून एक केलेल्या), इफेक्ट लावून रेंडर केलेल्या (नवी फाइल म्हणून काढलेल्या), आवाज स्वच्छ केलेल्या. ताईंचा पुन्हा न मिळणारा आवाज त्या ६७ मध्ये आहे. या दोन गटांकडे एकाच नजरेनं पाहताय म्हणून डिलीटची धास्ती वाटतेय. कच्च्या फाइली वेगळ्या काढा, त्यांना 'फक्त वाचण्यासाठी' करा आणि त्यांना कधीच हात लावू नका. बाकीच्या पुन्हा तयार करता येतात, वेळ जाईल इतकंच.

खर्जातला:
एक धोक्याची सूचना, कृपया नीट वाचा. फाइल मेनूत 'क्लीन करंट प्रोजेक्ट डिरेक्टरी' असा आदेश आहे. चालू प्रोजेक्टला नको असलेल्या फाइलींची तो यादी देतो. तुमच्यासारखे ६२ प्रोजेक्ट एका फोल्डरमध्ये असताना त्या यादीवर भरवसा ठेवू नका. प्रकरण १ ला जे नको, ते प्रकरण ३१ चं काळीज असू शकतं.

त्याऐवजी नवी डिस्क जोडा. एकेक प्रकरण उघडून 'सेव्ह ॲज' करा, त्यात प्रोजेक्टसाठी उपफोल्डर करण्याची आणि सगळा ऑडिओ तिथं कॉपी करण्याची अशा दोन्ही खुणा करा. त्या प्रकरणानं वापरलेल्याच फाइली नव्या घरी जातील. ६२ झाली की जुन्या फोल्डरमध्ये जे कोणीच नेलं नाही, ती तुमची तपासायची यादी.

मधुवंती:
सहमत, फक्त एक पुस्ती. कोणीच न नेलेल्यांत कच्चे टेकही असणार. ते काढू नका, फ्लॅक या आकार लहान करणाऱ्या स्वरूपात ठेवा. फ्लॅकमधून उलट वेव्ह केली की नमुन्याला नमुना जुळतो, काही गमावत नाही. मात्र ३२ बिट फ्लोटमध्ये (दशांश आकड्यांच्या स्वरूपात) रेंडर केलेल्या फाइली फ्लॅकमध्ये जशाच्या तशा बसत नाहीत, त्या वेव्हच राहू द्या. आणि प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी.

लेखणी:
नावांबद्दल थोडं. 'फायनल' हा शब्द फाइलीच्या नावातून कायमचा काढा. आज फायनल असलेलं उद्या नसतं. प्रकरण, वाचक, टेक, तारीख एवढंच पुरे: 'प्र०३१_वाचक२_टे०४_२०२५-०२-१४'. क्रमांकाआधी शून्य लावा, नाहीतर काही प्रोग्राममध्ये १० क्रमांक २ च्या आधी येऊन बसतो. आणि मुद्रणाआधी ट्रॅकला नाव द्या. रीपरमध्ये मुद्रित फाइलीच्या नावाचा साचा ठरवता येतो, त्यात ट्रॅकचं नाव आपोआप येतं. टेक बरा की वाईट हे नावात कोंबू नका, प्रोजेक्टमध्ये तुकड्याला रंग द्या किंवा टीप लिहा.

धागाकर्ता:
अकरा दिवसांनी लिहितोय. नावं बदललेल्या फाइली नेमक्या २०३ निघाल्या. १९८ वेळेवरून आणि लांबीवरून जुळल्या. पाच उरल्या, त्यांच्या वेळा एकमेकींना इतक्या चिकटून होत्या की ऐकूनच ठरवावं लागलं. त्यातलीच एक प्रकरण ३१ चं शेवटचं पान होती, ताईंनी एका दमात वाचलेलं. ती जागेवर बसली आणि प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजलं तेव्हा काय वाटलं ते लिहिता येत नाही.

६२ ही प्रकरणं नव्या डिस्कवर आपापल्या फोल्डरमध्ये गेली. कोणीच न नेलेल्या ३७४ ऑडिओ फाइली उरल्या, त्यातले १६० कच्चे टेक ताईंच्या आवाजातले. मधुवंती म्हणाल्या तसे ते फ्लॅकमध्ये ठेवतोय. रेंडर केलेल्या बाकीच्यांना पुस्तक पूर्ण होईपर्यंत हात लावणार नाही, आता जागेची चणचण नाही.

एकच राहिलं. ताईंच्या मोबाइलवर घेतलेल्या दोन दुरुस्त्या ४४.१ किलोहर्ट्‌झच्या आहेत. त्या तशाच कच्च्यात ठेवू की ४८ करून ठेवू?

खर्जातला:
तशाच ठेवा. रीपर वाजवताना आणि रेंडर करताना दर स्वतः जुळवून घेतं. कच्चं ते जसं आलं तसंच राहू द्या.

धागाकर्ता:
ठेवल्या. प्रकरण ४१ आज संध्याकाळी उघडतोय.