चारही बाजू मोजल्या, तरी गुंठे का जुळत नाहीत?

ओढ्याकाठची: रविवारी मी आणि धाकटे दीर टेप घेऊन आमच्या तुकड्यात उतरलो. वरचा बांध 130 फूट, ओढ्याकडची बाजू 140, खालचा बांध 170, वाटेकडची 80. गावात करतात तसा समोरासमोरच्या बाजूंच्या सरासरीचा गुणाकार केला: 150 × 110, म्हणजे 16,500 चौरस फूट. एका गुंठ्याचे 1,089 चौरस फूट, त्याने भागलं तर 15 गुंठ्यांच्या वर जातं. सातबाऱ्यावर मात्र 14.40 आर, म्हणजे 1,440 चौरस मीटर, सव्वाचौदा गुंठ्यांच्या आसपास. शिवाय ओढ्याचा फुगवटा आम्ही धरलाच नाही, खुंटीपासून खुंटीपर्यंत सरळ टेप लावला. वाटणी तोंडावर आली आहे. सासऱ्यांसमोर चुकीचा आकडा ठेवायचा नाही. कुठे चुकलं?

निवृत्त भूकरमापक: ताई, कर्ण मोजलात का? तेवढं एकच राहिलंय. चार पट्ट्या टोकांना खिळ्यांनी जोडून चौकट करा आणि कोपऱ्यातून दाबा. पट्ट्यांची लांबी तीच राहते, आतली जागा मात्र आटत जाते. म्हणून नुसत्या चार बाजूंवरून क्षेत्र ठरतच नाही. सरासरीची रीत फक्त आयतात बरोबर येते, बाकी कुठल्याही चौकोनात जास्तच दाखवते. त्या जादा आकड्यावर मी भावाभावांत अबोला धरलेला पाहिलाय.

वाटेच्या वरच्या कोपऱ्यातून ओढ्याच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत टेप ओढा. दोन त्रिकोण मिळतील, दोन्हींना हेरॉनचं सूत्र लावा, त्यात तीन बाजूंवरूनच क्षेत्र निघतं.

गणितवेडा: भास्कराचार्यांनी 'लीलावती'त हेच सांगितलंय. कर्ण किंवा लंब न देता चौकोनाचं क्षेत्रफळ विचारतो त्याला ते सरळ पिशाच म्हणतात, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून मोठा!

ओढ्याकाठची: कर्ण 150 भरला. लेक नववीत आहे, तिनेच मांडलं. 130, 140, 150 चा त्रिकोण: अर्धपरिमिती 210, क्षेत्र 8,400. दुसरा 80, 150, 170. सूत्र लावायच्या आधीच ती ओरडली, "आई, हा काटकोन आहे!" 80 × 150 च्या निम्मे, 6,000. मिळून 14,400. म्हणजे जवळजवळ दोन गुंठे आम्ही हवेतच धरले होते. आता ओढ्याचा बाक कसा मोजू?

निवृत्त भूकरमापक: लेकीला शाबासकी सांगा. त्या 140 फुटांच्या रेषेवर सुतळी ताणा, दर 20 फुटांवर खुंटी ठोका आणि प्रत्येक खुंटीपासून काठापर्यंत काटकोनात अंतर घ्या. आम्ही याला ऑफसेट म्हणायचो. दोन ऑफसेटमधला तुकडा समलंब चौकोन धरायचा. पाणी कुठे येतं ते बघू नका, हद्द कुठे आहे ते बघा. काठ जिथे एकदम वळतो तिथे एक जादा ऑफसेट घ्या.

ओढ्याकाठची: काठ कुठे एकदम वळत नाही, त्यामुळे जादा लागला नाही. ऑफसेट फुटांत असे आले: 0, 6, 11, 15, 14, 10, 5, 0. दोन्ही टोकं शून्य, म्हणून सगळ्यांची बेरीज 61 गुणिले 20, म्हणजे 1,220. एकूण 15,620 चौरस फूट: 14.34 गुंठे, 14.51 आर. अजून 11 चौरस मीटर जास्त दिसतात.

निवृत्त भूकरमापक: वाटेकडे उतार आहे का? टेप जमिनीलगत टाकला असेल तर लांबी जास्त भरते, क्षेत्र आडव्या मापाचं असतं. तिथे नुसतं दीड फूट कमी झालं तरी 11 चौरस मीटरांच्या आसपास फरक पडतो. हा आकडा घरच्या बोलण्यापुरता ठेवा, वाटणीच्या कागदाला सरकारी मोजणीच लावा.

ओढ्याकाठची: उतार आहे, चांगलाच. उद्या सकाळी दिरांना खालच्या टोकाला ओळंबा धरून उभं करते आणि ते 80 फूट पुन्हा मोजते.