अल्बमचे पैसे वेगळे लावा

लग्नाचे फोटो काढणाऱ्याने 'दिवसाचे इतके' असा सरळ दर सांगावा, असं म्हणतात, ते मला अर्धंच पटलं. मंगल कार्यालयातला दिवस संपतो, काम नाही. गेल्या वैशाखात सिंहगड रोडला एका लग्नात सीमांतपूजनापासून वरातीपर्यंत दीड दिवस उभा होतो. फोटो निघाले २,८००. त्यातले ६०० निवडून रंग नीट करायला पुढचे पाच दिवस गेले, ते मी दरात धरलेच नव्हते.

आणि अल्बम वेगळाच लावा. त्या मंडळींनी फोटो निवडायला आठ महिने घेतले (मावशींचा एकुलता एक फोटो, तोही डोळे मिटलेला!). तोवर छपाईचे भाव वाढले, फरक माझ्या खिशातून गेला. आता निवडीला ४५ दिवस, पुढे अल्बमचा नवा भाव, हे अ‍ॅडव्हान्स घेतानाच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतो.