मदत हवी आहे : कोकणातल्या घरात पोर्टेबल वायफाय हॉटस्पॉट नीट कसा चालवायचा?

ओटीवरून

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे गणपती होईपर्यंत मुक्काम राजापूर तालुक्यातल्या गावी. ऑफिस पुण्यात. घरून काम करायला हरकत नाही, फक्त मीटिंगमधून गायब व्हायचं नाही, असं साहेबांनी गोड शब्दांत बजावलंय. आमची वाडी खाली वहाळाच्या बाजूला, वर सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार. सड्यावर फोनला सगळ्या काड्या, वाडीत उतरलं की एक, फार तर दोन. फायबर वरच्या वाडीपर्यंत आलंय. खाली कधी येणार विचारलं की केबलवाले 'पाऊस जाऊ दे, बघू' म्हणतात.

म्हणून दिरांकडचा जुना ४जी हॉटस्पॉट आणला. खिशात मावणारी डबी, आत सिम घालायचं, मोबाइलच्या चार्जरने चार्ज करायची. कंपनीचं नाव लिहीत नाही, नाहीतर धागा तिकडेच वाहून जाईल. डबी ओटीवर लॅपटॉपशेजारी असते. गंमत अशी की तेच सिम माझ्या फोनमध्ये घातलं तर फोनच्या हॉटस्पॉटवर निदान मीटिंगचा आवाज तरी धड येतो, डबीवर तोही तुटतो. ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायचं व्हीपीएन सारखं पुन्हा जोडावं लागतं. दिवसभर चार्जर लावून ठेवला की डबी तापते, आणि हल्ली मागचं झाकण नीट बसत नाही, मधोमध फुगल्यासारखं वाटतं.

नवीन हॉटस्पॉट घ्यावा, सिमचा मोठा राउटर घ्यावा, की जुना अँड्रॉइड फोनच या कामाला लावावा? बजेट तीन-चार हजार. लाइट रोज जाते हे धरून सांगा. घरात वायफाय आलं की पुतणे मंडळी आपोआप प्रकट होतात, तेही धरा.

कातळपाऊल

ताई, बाकी सगळं नंतर. झाकण फुगलंय म्हणजे आतली बॅटरी फुगली आहे. आत्ताच चार्जिंग बंद करा. झाकण दाबून बसवू नका, बॅटरीला काही टोचू नका. निघत असेल तर अलगद काढून पडवीत कोरड्या जागी, पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. घरच्या कचऱ्यात नको, चुलीजवळ तर नकोच. लिथियम बॅटरी सतत पूर्ण भरलेली आणि वर गरम राहिली की आत वायू धरतो. ही डबी प्रवासासाठी बनवलेली असते, चोवीस तास चार्जरला टांगून ठेवायला नाही. काही मॉडेल बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर चालतात, काही सुरूच होत नाहीत.

दुपारची_झोप

तीन-चार हजारांत एसटीचा पास येईल, सड्यावर छत्री घेऊन बसा. (दिवे घ्या.)

तारयंत्र

नवीन काही घ्यायच्या आधी ही डबी ओटीवरून उचला. जवळजवळ सगळे जण हॉटस्पॉट लॅपटॉपच्या शेजारी ठेवतात. टॉवर काही किलोमीटर लांब, लॅपटॉप चार मीटरवर. लांबचं नातं जपायला हवं, जवळचं आपोआप जमतं. म्हणजे डबीची जागा टॉवरच्या सोयीने ठरवायची, टेबलाच्या नाही. चिऱ्याची जाड भिंत, त्यात पावसात पाणी प्यालेली, सिग्नल चांगलाच खाते. खळ्यावर पावसाळ्यासाठी पत्र्याची शेड घातली असेल तर ओटीच्या समोर धातूचा पडदाच आला. माळ्याला सड्याच्या दिशेने झरोका किंवा खिडकी असेल तर तिथे ठेवून बघा. लाकडी तक्तपोशीतून वायफाय खाली व्यवस्थित उतरतं.

काड्यांवर जाऊ नका, प्रत्येक कंपनी त्या आपल्या मर्जीने दाखवते. डबीच्या वायफायला जोडून ब्राउझरमध्ये तिचा पत्ता टाका. १९२.१६८.१.१, १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.८.१ यांतला एक असतो, स्टिकरवर छापलेला असतो. आत 'डिव्हाइस' किंवा 'नेटवर्क' पानावर आरएसआरपी नावाचा उणे आकडा दिसेल, म्हणजे टॉवरचा सिग्नल डबीपर्यंत किती जोरात पोचतो ते. उणे ९० च्या आसपास छान, उणे १०० ला काम चालतं, उणे ११० च्या खाली गेला की तुम्ही लिहिलंय तसलेच प्रकार. शेजारी एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती) असेल तर तो जितका वर तितकं बरं, शून्याखाली गेला तर काड्या पूर्ण असूनही नेट रडतं. दोन-तीन जागी ठेवून आकडे इथे द्या. प्रत्येक जागी दोन मिनिटं थांबा, आकडा लगेच स्थिरावत नाही.

बँड, म्हणजे टॉवरच्या लहरींचा पट्टा, कोणता पकडलाय तेही बघा. आपल्याकडे ४जी साधारण असं आहे: जिओ ३, ५ आणि ४०, एअरटेल १, ३, ८, ४०, व्हीआय १, ३, ८, ४१, बीएसएनएलचं नवीन ४जी २८ आणि १. यातले ५, ८ आणि २८ म्हणजे ८५०, ९०० आणि ७०० मेगाहर्ट्झ. कमी वारंवारिता लांब जाते, भिंतीतून जास्त शिरते, पण वेग कमी. ४० म्हणजे २३०० मेगाहर्ट्झ, शहरात मजेत, तुमच्या घळीत दमतो.

फोन बरा चालतो याचं कारणही बहुतेक इथेच आहे. जुन्या डब्या कॅटेगरी ४ च्या, एका वेळी एकच बँड वापरणाऱ्या. आजचे फोन दोन-तीन बँड एकत्र जोडतात आणि त्यांचे अँटेनाही बरे असतात. आणखी एक भानगड: बँड ४० संपतो २४०० वर आणि डबीचं वायफाय तिथूनच सुरू होतं. एवढ्याशा खोक्यात दोन्ही रेडिओ शेजारी, एक बोलायला लागला की दुसऱ्याला ऐकू येत नाही. वायफाय चॅनेल 'ऑटो' असेल तर ११ करा, म्हणजे दोघांत जरा अंतर पडेल. किंवा मीटिंगपुरती डबी यूएसबी केबलने लॅपटॉपला लावून वायफाय बंद ठेवा. बहुतेक डब्या केबलवर नेट देतात.

ओटीवरून

सगळ्यांचे आभार. बॅटरी खरंच फुगली होती, काढून बाजूला ठेवली. सुदैवाने डबी नुसत्या चार्जरवर सुरू होते, मात्र लाइट गेली की त्याच क्षणी बंद.

आकडे : ओटीवर उणे ११३, बँड ४०. माजघरात नेटवर्कच नाही. माळ्यावर पूर्वेच्या झरोक्यात उणे ९८, बँड ५. खाली ओटीवर लॅपटॉपला वायफाय पुरतंय. आजची मीटिंग आवाजासकट पार पडली, माझा व्हिडिओ बंद होता. व्हीपीएन अजून तुटतं, पण कमी. चॅनेल ११ केलं.

आता प्रश्न बॅटरीचा. आणि सिमच्या रिचार्जचा ओटीपी येतच नाही, तो कुठे जातो?

वरच्या_वाडीची

ओटीपी डबीतच पडलेला असतो. त्याच ब्राउझरच्या पानावर 'एसएमएस' असा भाग शोधा, आमच्या डबीत पहिल्यांदा उघडला तेव्हा वर्षभराचे निरोप निघाले. तिथेच वायफायचा आणि त्या पानाचा, दोन्ही पासवर्ड बदला. मूळचा पासवर्ड बॅटरीखालच्या स्टिकरवर असतो आणि पुतण्यांना तो तुमच्या आधी माहीत असतो. 'कमाल जोडणी' असा पर्याय असेल तर दोन किंवा तीन करा. सेटिंगमध्ये 'ऑटो स्लीप' असेल तर तो बंद करा. कुणी जोडलेलं नसलं की डबी झोपी जाते आणि उठवायला माळ्यावर चढावं लागतं.

लॅपटॉपवर हे नेटवर्क 'मीटर्ड' (डेटा मोजका आहे असं सांगणारं) करून ठेवा, नाहीतर विंडोजचा अपडेट सकाळीच दिवसाचा डेटा संपवेल. रोजचा कोटा संपला की बहुतेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो, त्यात मेलसुद्धा उघडत नाही. एचडी व्हिडिओ मीटिंग तासाला दीड-दोन जीबी सहज खाते, नुसता आवाज त्यापुढे काहीच नाही.

तारयंत्र

उणे ११३ वरून ९८ म्हणजे १५ डीबी (डेसिबल), पोचणारी शक्ती तीसपट. हे फुकटात झालं, त्यामुळे नवीन हॉटस्पॉट घेऊ नका. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याचशा डब्या आतून याच पिढीच्या आहेत.

पैसे घालायचेच तर सिमचा राउटर घ्या, पण दोन अटींवर. बाहेरचे अँटेना स्क्रूने निघणारे हवेत आणि पेटीवर तुमच्या कंपनीचे बँड लिहिलेले हवेत. पुढेमागे बीएसएनएल घ्यायचं असेल तर २८ आहे का ते आवर्जून बघा, जुन्या उपकरणांत तो सहसा नसतो. ४जीला दोन अँटेना लागतात, एका दिशेला रोखलेला एकच अँटेना लावून अर्धंच काम होतं. ऑनलाइन 'सिग्नल बूस्टर' म्हणून जे विकतात ते मात्र नको. परवान्याशिवाय लावणं बेकायदेशीर आहे, वर आख्ख्या वाडीचं नेटवर्क बिघडतं.

जुना अँड्रॉइड फोन हाही चांगला मार्ग आहे. त्याचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर ठेवता आला तर बँड ४० ची कटकटच राहत नाही, मात्र ५ गिगाहर्ट्झ तक्तपोशीतून तेवढं छान उतरत नाही. त्यालाही सतत चार्जिंग सोसत नाही हे लक्षात ठेवा.

कातळपाऊल

लाइटसाठी : आत्ताच्या डबीला पाच व्होल्ट लागतात, म्हणजे साधी पॉवर बँक चालेल. पण स्वतः चार्ज होत असताना पुढेही वीज देते अशी बघून घ्या, सगळ्या देत नाहीत. काही पॉवर बँक लाइट जाताना-येताना क्षणभर तुटतात आणि डबी पुन्हा सुरू होते. व्हीपीएन त्यानेही तुटेल. राउटर घेतलात तर त्याचा ॲडॅप्टर ९ व्होल्टचा की १२ चा ते बघून मिनी यूपीएस घ्या. हजार-दीड हजारात मिळतो, दोन-तीन तास काढतो.

माळ्यावर कौलं गळतात ती जागा टाळा. वीज कडाडायला लागली की चार्जर काढा.

ओटीवरून

मग आता पॉवर बँक घेते, राउटर गणपतीनंतर बघू. एक शेवटचं. काल संध्याकाळी लाइट जाऊन बराच वेळ झाला, लॅपटॉप चालू, डबी फोनच्या छोट्या पॉवर बँकवर चालू, आणि आरएसआरपी एकदम नाहीसा. सड्यावर जाऊन आलेले म्हणाले तिथेही नेटवर्क नाही. हे काय?

वरच्या_वाडीची

टॉवरची बॅटरी संपली. त्यालाही तीच लाइट लागते, डिझेल पोचेपर्यंत तो झोपतो. त्याला घरातून इलाज नाही. दुसऱ्या कंपनीचा टॉवर वेगळ्या फीडरवर (वीजवाहिनीवर) असेल तर त्यांचं एक सिम कमीत कमी रिचार्जवर फोनमध्ये ठेवा, आमच्याकडे दोन्ही एकदम क्वचितच जातात. कोणतं घ्यायचं ते वाडीत ज्यांची पोरं मुंबईहून व्हिडिओ कॉल करतात त्या घरी विचारा, कव्हरेजच्या नकाशापेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.